सेव्हएन्व्ह आणि अर्धवट पुसलेले कॅलिब्रेशन: एका इरेज ब्लॉकचे प्रकरण

तापमान मोजून नोंदवणारे एक उपकरण. आत एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड, १६ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश चिप, बूटलोडर (वीज येताच आधी चालून लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) म्हणून यू-बूट आणि वर लिनक्स. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नवी आवृत्ती बोर्डांवर गेली आणि काही आठवड्यांत तीन तऱ्हेच्या तक्रारी येऊ लागल्या. काही बोर्डांचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची ओळख) प्रत्येक बूटला बदलतो आणि सिरियल नंबर कोरा दिसतो. काहींचा मॅक बरोबर, पण सिरियल नंबर आणि कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक करणाऱ्या दुरुस्त्यांचे आकडे) दोन्ही गायब. तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट: बोर्ड ठणठणीत चालतो, नेटवर्कवर दिसतो, सिरियल नंबरही बरोबर असतो, फक्त वरच्या तापमानाचे आकडे किंचित चुकतात. मोजमापाच्या उपकरणाने चुकीचा आकडा न कुरकुरता दाखवणे हा बंद पडण्यापेक्षा मोठा दोष आहे. म्हणून तपासाची सुरुवात या तिसऱ्या गटापासून करणेच योग्य.

तिन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले, आणि ते पहिल्या दिवसापासून मांडणीत होते. कर्नल बदलल्यामुळे ते फक्त वर आले.

फ्लॅशची मांडणी

पहिला १ एमबी यू-बूटसाठी. हेक्स १००००० या पत्त्यावर एन्व्हायर्नमेंट, म्हणजे यू-बूटची साठवलेली व्हेरिएबल्स, आकार ८ केबी, एकच प्रत. लगेच पुढे हेक्स १०२००० पासून कारखान्यात भरलेली माहिती: पहिल्या ८ केबीत सिरियल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस, त्यापुढच्या ४८ केबीत कॅलिब्रेशनचे टेबल. ते हेक्स ११०००० ला संपते. तिथून हेक्स २००००० पर्यंत जागा मोकळी, मग कर्नल आणि शेवटी डेटाचे पार्टिशन.

कागदावर हे नीटनेटके दिसते. प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता आहे आणि कुठे काही एकमेकांवर येत नाही. पण नॉर फ्लॅशमध्ये पत्त्याला जेवढे महत्त्व तेवढेच इरेज ब्लॉकच्या सीमेला. लिहिताना बिट फक्त १ चा ० होतो. ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. या चिपमध्ये ब्लॉक ६४ केबीचा आहे. तीच चिप ४ केबीचे छोटे सेक्टरही पुसू शकते, पण कोणत्या मापाने पुसायचे हे सॉफ्टवेअर ठरवते. हेक्स १००००० ते ११०००० हा बरोबर एक ६४ केबीचा ब्लॉक. म्हणजे रोज बदलू शकणारे एन्व्हायर्नमेंट आणि आयुष्यात एकदाच लिहायची कारखान्याची माहिती एकाच ब्लॉकमध्ये राहत होती.

यू-बूटच्या कॉन्फिगमध्ये एन्व्ह_साइझ ८ केबी आणि एन्व्ह_सेक्ट_साइझ ६४ केबी होती. रेफरन्स बोर्डाची फाइल उचलली की हे आकडे असेच येतात, आणि एन्व्हायर्नमेंट एकटेच ब्लॉकमध्ये असेल तर त्यात वावगे काही नाही.

सेव्हएन्व्ह नेमके काय करते

सेव्हएन्व्ह ही एन्व्हायर्नमेंट फ्लॅशमध्ये लिहिण्याची यू-बूटची आज्ञा. सेक्टरचे माप एन्व्हायर्नमेंटपेक्षा मोठे असेल तर यू-बूट उरलेला भाग जपण्याचा प्रयत्न करते. आधी ब्लॉकमधले उरलेले ५६ केबी रॅममध्ये वाचून ठेवते. मग पूर्ण ६४ केबी पुसते. मग एन्व्हायर्नमेंटचे ८ केबी लिहिते. शेवटी रॅममधले ५६ केबी परत जागेवर ठेवते. वीज शाबूत असेल तर कुणाला काही कळतही नाही. पण पुसायला सुरुवात झाल्यापासून शेवटचा बाइट लिहून होईपर्यंत कारखान्याची माहिती फक्त रॅममध्ये असते.

हा काळ किती? या वर्गातल्या १२८ मेगाबिट चिपच्या डेटाशीटमध्ये ६४ केबी ब्लॉक पुसायला साधारण १५० मिलीसेकंद आणि जास्तीत जास्त २ सेकंद असे आकडे असतात. २५६ बाइटांचे एक पेज लिहायला ०.७ मिलीसेकंद धरू. एन्व्हायर्नमेंटची ३२ पेजेस, म्हणजे सुमारे २२ मिलीसेकंद. सिरियल आणि मॅकच्या ८ केबीला तेवढेच. कॅलिब्रेशनची १९२ पेजेस, म्हणजे सुमारे १३४. शिवाय २० मेगाहर्ट्‌झच्या एका डेटा लाइनवरून ६४ केबी पाठवायला २६ मिलीसेकंद. बेरीज साडेतीनशे मिलीसेकंदांच्या आसपास जाते. चिप जुनी किंवा थंड असेल तर पुसण्याचा वेळ वाढतो आणि बेरीजही.

आता तक्रारींचे तीन गट या रेषेवर ठेवून पाहा. पुसताना किंवा एन्व्हायर्नमेंट लिहिताना वीज गेली तर सगळेच गेले. पुढच्या बूटला यू-बूट ‘बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’ असा इशारा देते (सीआरसी म्हणजे माहिती शाबूत आहे का ते ताडणारा आकडा), मॅक कुठेच सापडत नाही म्हणून प्रत्येक वेळी रँडम मॅक घेते. हा पहिला गट. एन्व्हायर्नमेंट लिहून झाले आणि लगेच वीज गेली, तर सीआरसी बरोबर येतो आणि मॅकही टिकतो, कारण बोर्डाच्या कोडने तो आधीच ईथअ‍ॅडर या व्हेरिएबलमध्ये घातलेला असतो आणि सेव्हएन्व्ह झाडून सगळी व्हेरिएबल्स लिहिते. सिरियल आणि कॅलिब्रेशन मात्र कोरे. हा दुसरा गट. आणि कॅलिब्रेशन लिहिण्याच्या त्या १३४ मिलीसेकंदांत वीज गेली, तर टेबलाचा सुरुवातीचा भाग शाबूत आणि शेपूट कोरी. कोऱ्या फ्लॅशचा बाइट एफएफ असतो. दोन एफएफ जोडून चिन्हासह १६ बिटांचा आकडा वाचला तर तो उणे १ येतो. प्रोग्रामला ती एक साधी दुरुस्ती वाटते. तो ती निमूटपणे लावतो, आणि टेबलाच्या शेवटी असलेल्या वरच्या तापमानाचे आकडे चुकतात. टेबलाला सीआरसी नव्हता, म्हणून विचारायला कुणी नव्हते.

डंपमध्ये दिसणारी खूण

तिसऱ्या गटातला बोर्ड समोर असेल तर यू-बूटच्या प्रॉम्प्टवर एसएफ प्रोब, मग एसएफ रीडने हेक्स १००००० पासून ६४ केबी रॅममध्ये घ्यावेत आणि एमडी.बी ने ते पाहावेत. पहिले चार बाइट सीआरसीचे. पाचव्यापासून ‘नाव, बरोबर चिन्ह, किंमत’ अशा ओळी, प्रत्येक ओळीनंतर एक शून्य बाइट आणि सगळ्यात शेवटी दोन शून्ये. त्यापुढे ८ केबी संपेपर्यंत शून्यांची भर. हेक्स २००० पाशी कारखान्याची माहिती सुरू होते. कॅलिब्रेशनचे आकडे ओळीने खाली उतरत जातात आणि एका ठिकाणी थांबतात. तिथून ब्लॉकच्या अखेरपर्यंत फक्त एफएफ.

तो थांबण्याचा पत्ता निरखून पाहण्यासारखा असतो. तो २५६ ने भागला जातो, म्हणजे हेक्समध्ये शेवटची दोन घरे शून्य असतात. कधी त्याच्या अलीकडचे एखादे पेज अर्धे लिहिलेले, विस्कटलेले दिसते. पेजच्या सीमेवर तुटलेली माहिती म्हणजे लिहिताना वीज गेली. चिप झिजली असती तर बिघाड विखुरलेले असते. प्रोग्रामने चुकून काही लिहिले असते तर एफएफऐवजी कसला तरी कचरा दिसला असता. ही एक खूण दिसली की शोध निम्मा संपतो.

झिजण्याचा संशय सुरुवातीला सगळ्यांनाच येतो, म्हणून तो आकड्यांनी मोडून काढावा. अशा चिपला दर ब्लॉकमागे किमान १ लाख वेळा पुसण्या-लिहिण्याची हमी असते. दिवसाला १० बूट आणि प्रत्येक बूटला एक सेव्ह धरले तरी लाख गाठायला २७ वर्षे लागतील. (हाच हिशेब उलटाही लागू पडतो. एखाद्या सेवेने मिनिटाला एकदा एन्व्हायर्नमेंटमध्ये वेळेची नोंद ठेवली तर दिवसाला १४४० सेव्ह होतात आणि १ लाख ६९ दिवसांत संपतात. असे कोड खरोखर लिहिले जातात.)

मग आताच का?

मांडणी पहिल्यापासून चुकीची होती, तर तक्रारी नव्या कर्नलनंतरच का आल्या, हा खरा प्रश्न. उत्तर सिरियल कन्सोलवर प्रत्येक बूटला छापले जात होते. ‘हिट एनी की’ या ओळीच्या अगदी आधी ‘सेव्हिंग एन्व्हायर्नमेंट टू एसपीआयफ्लॅश’, मग ‘इरेझिंग’, ‘रायटिंग’, ‘डन’. नेहमीच्या बूटमध्ये ही ओळ दिसायला नको. बूटलोडर दर बूटला फ्लॅश पुसत होता.

का, तर बूट मोजण्यासाठी. या बोर्डात बूटकाउंट एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलेला होता. यू-बूटचा तो कोड सावध आहे: अपग्रेड_अव्हेलेबल हे व्हेरिएबल शून्य नसेल तरच काउंट वाढवून सेव्ह करतो. अपडेट बसवताना ते १ करायचे, नवी प्रणाली नीट उठली की लिनक्सने एफडब्ल्यू_सेटएन्व्ह या एन्व्हायर्नमेंट बदलणाऱ्या आज्ञेने ते ० करायचे, असा करार. तक्रारीच्या बोर्डांवर एफडब्ल्यू_प्रिंटएन्व्ह चालवले तर अपग्रेड_अव्हेलेबल १ आणि बूटकाउंट तीन आकडी. बूटलिमिट, म्हणजे काउंटची कमाल मर्यादा, कधी लावलीच नव्हती, त्यामुळे काउंट वाढत राहिला आणि त्याने काहीच घडवले नाही.

म्हणजे ० करणारी पायरी फसत होती. हाताने चालवली तर ‘परमिशन डिनाइड’, तेही रूट असताना. पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडे होते. पण डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअर आणि पार्टिशने सांगणाऱ्या फाइलमध्ये) रीड-ओन्ली असे कुठे लिहिलेलेच नव्हते. ते लिहिले होते कर्नलच्या लॉगमध्ये: एन्व्हायर्नमेंटचे पार्टिशन इरेज ब्लॉकच्या सीमेवर संपत नाही, म्हणून सक्तीने रीड-ओन्ली. तिच्या खालीच कारखान्याच्या पार्टिशनबद्दल तशीच ओळ, की ते ब्लॉकच्या सीमेवर सुरू होत नाही.

जुन्या कर्नलमध्ये ही ओळ नव्हती, कारण त्यात ४ केबी सेक्टरचा पर्याय चालू होता. ८ केबीचे पार्टिशन ४ केबीच्या मापात चपखल बसते. नव्या आवृत्तीत डेटाच्या पार्टिशनसाठी यूबीआयएफएस ही फाइलसिस्टीम आणली. तिला किमान १५ केबीचा इरेज ब्लॉक लागतो, म्हणून ४ केबीचा पर्याय बंद केला गेला. तो निर्णय योग्यच होता. पण त्याबरोबर कर्नलच्या दृष्टीने ब्लॉक ६४ केबीचा झाला आणि ८ केबीच्या पार्टिशनवर लिहिणे त्याने नाकारले. कर्नल बरोबर वागला. शेजाऱ्याचा डेटा पुसल्याशिवाय हे पार्टिशन पुसता येणार नाही, हेच तो सांगत होता.

माशी शिंकली ती अपडेटच्या स्क्रिप्टमध्ये. एफडब्ल्यू_सेटएन्व्हने परत दिलेला कोड तिने तपासलाच नाही आणि ‘अपडेट यशस्वी’ असे कळवून टाकले.

आणखी एक गोष्ट इथे घडली, जी अनेक ठिकाणी घडते. कारखान्याचे पार्टिशन रीड-ओन्ली झालेले पाहून ते चांगलेच झाले, माहिती सुरक्षित झाली, असा समज झाला. ही कुलुपे लिनक्सची. यू-बूट कर्नलचा पार्टिशन टेबल पाहत नाही. त्याला एक ऑफसेट, एक आकार आणि एक सेक्टरचे माप ठाऊक. त्या कुलुपाच्या भरवशावर बसलेली माहिती दर बूटला पुसून पुन्हा लिहिली जात होती.

बूटच्या वेळीच वीज जाण्याची शक्यता इतकी कशी, असेही कुणी विचारेल. खंडित झालेला पुरवठा परत येतो तेव्हा तो पुष्कळदा एका दमात येत नाही. येतो, काही क्षणांत जातो, पुन्हा येतो. बोर्ड पहिल्या झटक्याला उठतो, सेकंदाभरात यू-बूट पुसायला लागते आणि नेमका तेव्हा दुसरा झटका बसतो. पुरवठा जितका डळमळीत, तितके असे बूट जास्त, म्हणून त्याच ठिकाणचे बोर्ड आधी जातात.

कॅपॅसिटर वाढवून हे निभावता येईल का? बोर्ड ५ व्होल्टवर २ वॉट घेतो असे धरू. ०.३५ सेकंद तगायला ०.७ ज्यूल हवेत. व्होल्टेज ५ वरून ४ पर्यंत उतरू दिले तर त्यासाठी सुमारे ०.१६ फॅरड लागतो, म्हणजे १ लाख ६० हजार मायक्रोफॅरड. साध्या इलेक्ट्रोलिटिकचे हे काम नाही. सुपरकॅपॅसिटर बसवला तरी पुसण्याची कमाल मर्यादा २ सेकंदांची आहेच. हार्डवेअरच्या मागे लागण्यापेक्षा मांडणी दुरुस्त करणे शहाणपणाचे.

आधीच बसवलेल्या बोर्डांसाठी उपाय

आधीच बसवलेल्या बोर्डांचा यू-बूट दुरून बदलायचा नाही, हा पहिला निर्णय. त्याची एकच प्रत आहे. ती लिहिताना वीज गेली तर बोर्ड उघडून केबल जोडल्याशिवाय तो उठणार नाही. हरवलेले कॅलिब्रेशन टाळायला निघून आख्खा बोर्डच घालवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. यू-बूट न बदलता जेवढे साधते तेवढे पुरेसे आहे, मात्र क्रम चुकवता कामा नये.

पहिली पायरी: कारखान्याची माहिती दुसरीकडे नेणे, बाकी कशालाही हात लावण्याआधी. नव्या डिव्हाइस ट्रीमध्ये मोकळ्या जागेतले दोन पूर्ण ब्लॉक घ्यावेत, हेक्स १३०००० आणि हेक्स १४००००, प्रत्येकी ६४ केबी. (११०००० आणि १२०००० मुद्दाम सोडले आहेत, त्याचे कारण पुढे.) जुन्या जागेतले ५६ केबी वाचून फाइलमध्ये घ्यावेत, त्याला आवृत्ती, लांबी आणि सीआरसी असलेले शीर्ष जोडावे आणि फ्लॅशसीपीने व्हर्बोज पर्याय लावून दोन्ही ब्लॉकमध्ये टाकावे. फ्लॅशसीपी स्वतः पुसते, लिहिते आणि पुन्हा वाचून ताडते. तरीही नंतर स्वतंत्रपणे वाचून शा-२५६ (माहितीचा डिजिटल ठसा) जुळवावा. दोन्ही प्रती जुळल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये.

कॉपी करण्याआधी जुनी माहिती शाबूत आहे का हे पाहायलाच हवे, नाहीतर तुटलेल्या टेबलालाच बरोबर सीआरसी लावून आपण त्याला अधिकृत करून टाकू. या उपकरणात टेबल ४८ केबी पूर्ण भरलेले असते, म्हणून तपास सोपा आहे: शेवटच्या पेजपासून मागे यावे आणि पूर्ण एफएफ असलेली पेजेस मोजावीत. एकही सापडले तर बोर्ड संशयित ठरवून कॉपी थांबवावी. अशा बोर्डांची माहिती फ्लॅशमधून परत मिळणार नाही. कारखान्यात सिरियल नंबरनिहाय नोंद ठेवलेली असेल तर तिथून भरावी. नसेल तर पुन्हा कॅलिब्रेशन करण्यावाचून मार्ग नाही.

दुसरी पायरी: एन्व्हायर्नमेंटचे पार्टिशन हेक्स १००००० पासून पूर्ण ६४ केबीचे करणे, म्हणजे कर्नल त्यावर लिहू देईल. इथे एक खड्डा आहे. ईटीसी फोल्डरातल्या एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिग फाइलमध्ये जुन्या दिवसांतला ४ केबीचा सेक्टर तसाच राहिला तर पार्टिशन उघडते, पण पुसताना ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येते. त्या ओळीत डिव्हाइस, ऑफसेट, एन्व्हायर्नमेंटचा आकार आणि सेक्टरचे माप असा क्रम असतो. ऑफसेट पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजायचा, म्हणून ०. आकार हेक्स २०००. सेक्टर हेक्स १००००. आकार मात्र यू-बूटमधल्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, कारण सीआरसी त्या पूर्ण लांबीवर काढलेला असतो. ८ ऐवजी ६४ केबी लिहिले तर निरोगी एन्व्हायर्नमेंटही बिघडलेले दिसेल.

तिसरी पायरी: अपग्रेड_अव्हेलेबल ० करणे, परत आलेला कोड तपासणे आणि एफडब्ल्यू_प्रिंटएन्व्हने वाचून खात्री करणे. या लिखाणातही तोच ब्लॉक पुसला जातो, म्हणून ही पायरी तिसरी. इथे वीज गेली तर जुनी माहिती जाईल, पण तिच्या दोन प्रती आता दुसरीकडे आहेत. यानंतर दर बूटचे पुसणे थांबते. रीबूट करून कन्सोलवर ‘सेव्हिंग एन्व्हायर्नमेंट’ ही ओळ गेली का ते पाहावे.

चौथी गोष्ट म्हणजे लिनक्सने मॅक, सिरियल आणि कॅलिब्रेशन नव्या जागेतून वाचणे: पहिल्या प्रतीचा सीआरसी बरोबर तर ती, नसेल तर दुसरी, दोन्ही चुकीच्या तर मोजमाप थांबवून स्पष्ट चूक दाखवणे. जुन्या जागेकडे वळण्याची पळवाट ठेवू नये. अपडेटच्या काळात या बोर्डांवर एन्व्हायर्नमेंट अजूनही लिहिले जाईल आणि क्वचित बिघडेलही. तेव्हा यू-बूट आतल्या डिफॉल्टवर जाईल, म्हणून त्या डिफॉल्टवर बोर्ड पूर्ण बूट होतो का, हे एन्व्हायर्नमेंटचा ब्लॉक मुद्दाम पुसून एकदा पाहावे. या बोर्डावर तो होत होता. होत नसता तर यू-बूट न बदलण्याचा निर्णय टिकला नसता.

नव्या बोर्डांची मांडणी

कारखान्यात यू-बूट बदलता येतो, त्यामुळे तिथे काम नीट करता येते. एन्व्हायर्नमेंटच्या दोन प्रती, हेक्स ११०००० आणि हेक्स १२००००, प्रत्येक आपापल्या ६४ केबी ब्लॉकमध्ये एकटी. दर ब्लॉकचे ५६ केबी वाया जातात, तर जाऊ द्यावेत. १६ एमबीत असे २५६ ब्लॉक आहेत. ४ केबीचे सेक्टर वापरून जागा वाचवता आली असती, आणि पुसण्याचा वेळही ४५ मिलीसेकंदांच्या आसपास आला असता. पण मग यू-बूट, कर्नल आणि उद्या बदलून येणारी दुसरी चिप या तिघांचे मापाबाबत कायम एकमत राहावे लागते. या प्रकरणात ते एकमत एका कर्नल पर्यायाने मोडले. ६४ केबीची सीमा तिघांनाही चालते. जुना १००००० हा पत्ता मुद्दाम सोडला आहे, म्हणजे जुने आणि नवे यू-बूट एकमेकांची प्रत चुकूनही वाचणार नाहीत.

दोन प्रती ठेवल्या की रचना थोडी बदलते. सीआरसीनंतर पाचवा बाइट ध्वजाचा असतो. एसपीआय नॉरमध्ये १ म्हणजे चालू प्रत, ० म्हणजे जुनी. हे आकडे विचारपूर्वक निवडलेले आहेत: १ चा ० करायला पुसावे लागत नाही, आणि सीआरसी ध्वज सोडून काढलेला असल्याने ध्वज बदलला तरी तो बिघडत नाही. सेव्ह करताना यू-बूट जुन्या प्रतीला हात न लावता दुसरा ब्लॉक पुसते, लिहिते आणि अगदी शेवटी जुन्या प्रतीचा ध्वज ० करते. मध्ये कुठेही वीज गेली तरी एक प्रत शाबूत राहते. एकच चिमटीतला क्षण आहे, नवी प्रत लिहून झाली पण जुनीचा ध्वज उतरायचा आहे. तेव्हा दोन्ही ध्वज १ आणि दोन्ही सीआरसी बरोबर. यू-बूट पहिल्या जागेची प्रत घेते, मग ती नवी असो वा जुनी. म्हणून एकत्र बदलायची व्हेरिएबल्स एकाच सेव्हमध्ये लिहावीत. एफडब्ल्यू_सेटएन्व्ह तीन वेळा चालवण्याऐवजी सगळ्या ओळी एका फाइलमध्ये घालून स्क्रिप्टचा पर्याय वापरावा.

कारखान्यात भरायची एन्व्हायर्नमेंटची फाइल एमकेएन्व्हइमेज या साधनाने करताना आकार ८१९२ आणि दोन प्रतींसाठीचा आर हा पर्याय लावावा. तो विसरला तर ध्वजाचा बाइट गाळला जातो, मजकूर एक घर अलीकडे सरकतो, सीआरसी चुकतो आणि कारण शोधण्यात दिवस जातो. चालत्या बोर्डावरून व्हेरिएबल्स घेतली असतील तर ईथअ‍ॅडर, बूटकाउंट, फाइलसाइझ आणि एफडीटीकंट्रोलअ‍ॅडर काढून टाकावीत. ती त्या बोर्डाची किंवा त्या बूटची असतात. एकाचा मॅक सगळ्यांवर जाण्याचा राजमार्ग हाच.

कारखान्याची माहिती नव्या बोर्डांवर चिपच्या शेवटच्या २५६ केबीत ठेवावी. कारण या चिपमधले संरक्षणाचे बिट एका टोकापासूनचा भागच झाकू शकतात, आणि नेहमीच्या रचनेत १६ एमबीच्या चिपवर सगळ्यात छोटा भाग २५६ केबीचा असतो. एसएफ प्रोटेक्ट लॉकने तो बंद करता येतो, आणि डब्ल्यूपी पिन जोडलेली असेल तर सॉफ्टवेअरने उघडणेही अडवता येते. हे कुलूप चिपचे आहे, यू-बूट आणि लिनक्स दोघांनाही सारखेच लागू. बंद भागावर पुसण्याचा हुकूम दिला तर चिप तो निमूट सोडून देते. म्हणून लॉक केल्यावर एकदा मुद्दाम पुसून पाहावे आणि माहिती जागेवर आहे याची वाचून खात्री करावी.

बूटकाउंट फ्लॅशमधून काढून आरटीसी या घड्याळाच्या बॅटरीवर टिकणाऱ्या रजिस्टरमध्ये नेला. प्रोसेसरच्या साध्या रजिस्टरमध्येही तो ठेवता येतो, पण वीज गेली की तो पुसला जातो. मग वॉचडॉगने (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणाऱ्या टायमरने) झालेले रीसेट मोजले जातात आणि माणसाने स्विच बंद-चालू करून केलेले सुटतात. अडकलेल्या उपकरणावर माणूस आधी स्विचच बंद करतो. बूटलिमिट ३ ठेवली, आणि ऑल्टबूटसीएमडी म्हणजे आधीच्या प्रणालीवर परत जाण्याची आज्ञा डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंटमध्येच लिहिली.

पडताळणी

नवी मांडणी तपासायला वीज ठरावीक क्षणी तोडणारी जोडणी हवी. रिलेच्या टोकांची थरथर काही मिलीसेकंद चालते, म्हणून मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच वापरावा. सिरियल कन्सोलवर ‘इरेझिंग’ हा शब्द दिसताच घड्याळ सुरू करायचे आणि ० ते ५०० मिलीसेकंद, दर ५ ला, वीज तोडायची. असे १०१ बिंदू होतात. प्रत्येकी २० वेळा आणि दर फेरीला १५ सेकंद धरले तर साडेआठ तासांत, म्हणजे एका रात्रीत, काम होते. तोडण्याचा क्षण मॉस्फेटच्या हुकमापासून मोजू नये. बोर्डावरचे कॅपॅसिटर आणखी थोडा वेळ चिप जागी ठेवतात. फ्लॅशच्या पिनवरचे व्होल्टेज २.७ च्या खाली कधी गेले ते ऑसिलोस्कोपवर पाहून तेवढा फरक आकड्यांत धरावा.

प्रत्येक फेरीनंतर दोन्ही एन्व्हायर्नमेंटचे सीआरसी, दोन्ही ध्वज आणि कारखान्याच्या माहितीचा शा-२५६ नोंदवायचा. हीच चाचणी आधी जुन्या मांडणीवर चालवावी. तिन्ही गटांची लक्षणे आपापल्या काळात उमटली तरच जोडणी खरे मोजते आहे असे म्हणता येते. नव्या मांडणीवर एका फेरीत एक प्रत बिघडलेली चालेल. दोन्ही बिघडल्या, किंवा शा-२५६ एकदाही बदलला, तर ती मांडणी पाठवू नये.

चाचणीत आणखी एक फेरी घालावी: पुसताना वीज तोडायची आणि पुढच्या बूटला तो ब्लॉक लगेच न पुसता अनेक वेळा वाचायचा. अर्धवट पुसलेल्या पेशी कधी एफएफ दिसतात, कधी नाही. तापमान बदलले तरी वाचन बदलू शकते. अशा ब्लॉकला ‘कोराच दिसतोय’ म्हणून न पुसता लिहिणारा कोड कुठे असेल तर तो इथे पकडला जातो. यू-बूटचे सेव्हएन्व्ह लिहिण्याआधी प्रत्येक वेळी पुसते. पण कारखान्याची माहिती भरणाऱ्या साधनात वेळ वाचवण्यासाठी ‘आधीच कोरे असेल तर पुसू नका’ अशी अट सापडली, आणि ती काढून टाकावी लागली.